बटण कुठे आहे?

तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात, तिथे एक छोटा प्रयोग करून बघा. डोळे मिटा. दिव्याचं बटण जिकडे असेल तिकडे बोट दाखवा. आता डोळे उघडा. बोट बहुतेक बरोबर जागी असेल. ते बटण पाठ करा, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रोज हात तिथे जातो, म्हणून हाताला ते माहीत झालं.

आता फोन हातात घ्या. पुन्हा डोळे मिटा आणि आजीला फोन लावून बघा. नाही जमत ना? फोनची काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत असते. बोटाला काही कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघावंच लागतं.

माझं काम या दोन प्रयोगांशी जोडलेलं आहे. मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहते. गाडीतली स्क्रीन कशी दिसावी, कोणतं बटण कुठे असावं, कोणता नॉब किती मोठा असावा, हे ठरवणाऱ्या एका गटात मी काम करते. हे काम सोपं वाटतं. तसं ते नाही. आज मी तुम्हाला माझ्या एका चुकीबद्दल सांगणार आहे. पण त्याआधी थोडं मागे जाऊ या.

मी मूळची नाशिकची. माझ्या लहानपणी बाबांकडे मारुती ८०० होती. मुंबईला मामाकडे जायचं तर कसारा घाट उतरून जावं लागे. पावसाळ्यात घाटात इतकं धुकं असायचं की समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत. रस्त्याच्या कडेला पाटी असायची, ‘अति घाई, संकटात नेई’. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, डोळे बारीक करून गाडी चालवायचे. वायपर जोरात करायचे असले, दिवे लावायचे असले, तरी त्यांची नजर रस्त्यावरून हलत नसे. हात आपोआप बरोबर दांडीवर जायचा.

एकच गोष्ट त्या गाडीत नीट होत नसे. आम्ही पाच जण आत, काचा बंद, बाहेर पाऊस. मग समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची. त्यासाठी एक पिवळं फडकं डॅशबोर्डवर ठेवलेलं असे. मी पुढे आईच्या मांडीवर बसायचे आणि बाबा म्हणायचे, “मार गं फडकं.” ते माझं काम होतं. (हो, तेव्हा मुलं पुढे मांडीवर बसायची. तुम्ही अजिबात बसू नका!)

पुढे मी अमेरिकेत आले आणि इथे गाडी चालवायला लागले. पहिल्याच दिवशी चौकात डावीकडे वळायचं होतं. मी इंडिकेटर दिला, आणि लख्ख उन्हात माझे वायपर फटाफट हलायला लागले! भारतात बहुतेक गाड्यांमध्ये इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला असते. इथे ती डाव्या बाजूला असते. तुमच्या घरीसुद्धा कुणी भारतातून आल्यावर असे कोरड्या काचेवर वायपर फिरवले असतील. विचारून बघा, हसत हसत कबूल करतील.

मला ते दोन आठवडे छळत होतं. डोक्याला कळलं होतं, पण हाताला कळलं नव्हतं. हाताची आठवण वेगळी असते. ती हळू तयार होते आणि लवकर पुसली जात नाही. गाडीत आपण याच आठवणीवर विसंबून असतो.

का, ते सांगते. गाडी ताशी ६० मैल वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात ८८ फूट पुढे जाते. एनबीएचं बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब असतं. म्हणजे तुम्ही एक सेकंद खाली बघितलंत, तर जवळजवळ एक मैदान मागे पडलं, आणि ते तुम्ही बघितलंच नाही. दोन सेकंद बघितलंत, तर दोन मैदानं.

ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाने स्वतःवर प्रयोग करून तपासली. त्यांचं नाव जॉन सेंडर्स. १९६०च्या दशकात त्यांनी एक हेल्मेट तयार केलं. त्याचा पडदा मधूनमधून खाली पडायचा आणि काही क्षण काहीच दिसायचं नाही. ते हेल्मेट डोक्यावर घालून त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये खऱ्या महामार्गावर गाडी चालवली! माणसाला गाडी चालवताना किती वेळाने रस्ता बघावाच लागतो, हे त्यांना शोधायचं होतं. रस्ता जितका अवघड आणि वेग जितका जास्त, तितकं जास्त वेळा बघावं लागतं, असं त्यांना आढळलं. २०११ मध्ये या प्रयोगासाठी त्यांना इग नोबेल पुरस्कार मिळाला. लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

आम्ही आजही तसंच काहीतरी करतो, फक्त उभ्या गाडीत. आमच्याकडे एक खास चष्मा आहे. त्याच्या काचा दीड सेकंद उघड्या राहतात आणि दीड सेकंद बंद होतात. तो घालून माणसाने स्क्रीनवरचं काम करायचं, म्हणजे समजा, रेडिओ लावायचा. काचा बंद झाल्या की समजायचं, आता हा माणूस रस्ता बघतो आहे. एवढ्या तुकड्या-तुकड्यांत काम जमलं, तर ते काम गाडीत चालेल. नाही जमलं, तर आम्ही पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने गाडी बनवणाऱ्यांसाठी काही सूचना दिल्या. त्या सक्तीच्या नाहीत, पण आमच्या भिंतीवर लावलेल्या आहेत. त्यांचं सार असं: गाडी चालवताना एका वेळी रस्त्यावरून नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये. आणि एका कामासाठी सगळ्या नजरा मिळून बारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका नव्या गाडीची मोठी स्क्रीन तयार करत होतो. जुनी बटणं काढून सगळं स्क्रीनवर आणायचं ठरलं होतं. स्क्रीन वाईट असते असं मी म्हणत नाही. नकाशा मोठा दिसतो. गाडी मागे घेताना मागचं चित्र दिसतं. स्क्रीनवरचं काही चुकलं, तर गाडी विकल्यानंतरही ते दुरुस्त करता येतं. आणि खरं सांगायचं तर पैसेही वाचतात, कारण प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळ्या तारा लागतात.

पण सगळी बटणं एका पानावर मावत नव्हती. मग मी एक यादी केली. कोणतं बटण लोक किती वेळा वापरतात? जे जास्त वापरतात ते पहिल्या पानावर, जे कमी वापरतात ते दुसऱ्या पानावर. यादी अगदी शहाण्यासारखी दिसत होती. त्या यादीत डिफ्रॉस्ट, म्हणजे समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं बटण, बरंच खाली होतं. ते दुसऱ्या पानावर गेलं. मीच ते तिथे टाकलं.

आम्ही चाचणीही घेतली. लोकांना आधी पडदे दाखवले, थोडा सराव करू दिला, मग चष्मा घालून काम करायला सांगितलं. सगळं ठीक निघालं. आमची खोली कोरडी होती, दिवे लख्ख होते आणि बटण दुसऱ्या पानावर आहे हे सगळ्यांना नुकतंच सांगितलेलं होतं.

त्याच सुमारास एक बातमी आली होती. ‘वी बिलेगारे’ नावाच्या स्वीडनमधल्या मासिकाने २०२२ मध्ये एक तुलना केली. त्यांनी अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना चार साधी कामं करायची होती. त्यात सीट गरम करणं, डिफ्रॉस्ट लावणं, रेडिओचं स्टेशन बदलणं अशा गोष्टी होत्या. बटणंच बटणं असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये सगळं दहा सेकंदांत झालं. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात हळू ठरलेल्या नव्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १३७२ मीटर गेली! मी ती बातमी वाचली, ‘आपली गाडी काही इतकी वाईट नाही’ असं म्हटलं आणि पान उलटलं.

मग नोव्हेंबर आला. माझी मुलगी सई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला नुकताच शिकाऊ परवाना मिळाला होता, म्हणजे मी शेजारी बसले असेन तरच तिला गाडी चालवता येत होती. मी तिला पोहण्याच्या सरावाहून आणायला गेले होते, कंपनीची नवी गाडी घेऊन. बाहेर थंडी, अंधार आणि बारीक पाऊस. सई केस ओलेच ठेवून गाडीत बसली. पिशवीत ओला टॉवेल, ओले कपडे. मी म्हटलं, “चालव तू.” ती खूश झाली.

आमच्या घराकडे जाणारा रस्ता चार पदरी आहे. वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल. दोन-तीन मिनिटांत समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. ओल्या केसांची आणि कपड्यांची वाफ थंड काचेवर धरत होती, अगदी कसारा घाटातल्यासारखी.

“आई, मला नीट दिसत नाहीये,” सई म्हणाली.

“डिफ्रॉस्ट लाव.”

तिने स्क्रीनकडे बघितलं. पहिल्या पानावर ते नव्हतं. तिने पंख्याचं चित्र दाबलं. पान उघडलं. तिची नजर तिथे फिरायला लागली. आणि मी सवयीने मोजायला लागले. मी चाचणीत नेहमी मोजते. एक. दोन. तीन. चार.

चारवर मी समोर बघितलं. धुरकट काचेतून दोन लाल दिवे दिसले, फार जवळ.

“सई, ब्रेक!”

गाडी थांबली. पुढच्या गाडीपासून आम्ही फार तर एका हाताच्या अंतरावर होतो. काही झालं नाही. कुणाला लागलं नाही. पुढच्या गाडीतल्या माणसाला बहुतेक कळलंही नाही. सई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती आणि तिचे हात थरथरत होते.

आम्ही गाडी बाजूला घेतली. मी तिच्या पिशवीतला टॉवेल काढला आणि त्याच्या कोरड्या टोकाने काच पुसली. एवढी मोठी स्क्रीन समोर चमकत होती आणि मी फडकं मारत होते.

“सॉरी आई,” सई म्हणाली. “माझंच लक्ष नव्हतं. मला आधी ते बटण शोधून ठेवायला हवं होतं.”

ते ऐकून मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदाला ६६ फूट. चार सेकंदांत २६४ फूट. एवढं अंतर माझी मुलगी जवळजवळ न बघता गेली, कारण एक बटण मी दुसऱ्या पानावर ठेवलं होतं. आणि माफी ती मागत होती.

“चूक तुझी नाही,” मी म्हटलं. “ते बटण तिथे मी ठेवलंय.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू? का पण?”

मला नीट उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मला कॉलेजात शिकलेली एक गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची मोठी विमानं होती. ती उतरल्यावर कधी कधी पायलट पंखांचे फ्लॅप आत घेण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा, आणि विमान पोटावर आपटायचं. सगळे म्हणायचे, पायलटची चूक. मग अल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून बघितलं. फ्लॅपचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी-शेजारी होते आणि अगदी सारखे होते. दमलेल्या पायलटच्या हाताला फरक कसा कळणार? उपाय साधा होता. एकाला चाकासारखा गोल आकार दिला, दुसऱ्याला पंखासारखा निमुळता. हाताला कळायला लागलं. आजही विमानात चाकांच्या दांड्याला चाकाचा आकार असतो.

तेव्हा कुणीतरी पायलटला रागावण्याआधी खटका बघितला. मी माझा खटका बघितला नव्हता. माझी यादी चुकली नव्हती, माझा प्रश्न चुकला होता. ‘हे बटण किती वेळा लागतं?’ असं मी विचारलं होतं. ‘हे लागतं तेव्हा किती घाई असते?’ असं विचारायला हवं होतं. काचेवर वाफ रोज धरत नाही. पण धरते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

सोमवारी मी ऑफिसात सगळं सांगितलं. सोपं नव्हतं. स्वतःचीच चूक, तीही सगळ्यांसमोर. एक जण म्हणाला, “मुलगी नवीन आहे, शिकेल.” मी म्हटलं, “गाडी नवीन शिकणारेही चालवतात, भाड्याने घेणारेही चालवतात. त्यांना कुणी सराव देत नाही.” आम्ही चाचणी पुन्हा घेतली. या वेळी कुणालाही आधी काही सांगितलं नाही. बरेच जण दोन सेकंदांच्या पुढे गेले.

आवाजाने का करू नये, असंही विचारलं गेलं. गाडीला तोंडाने सांगायचं, ‘काच साफ कर.’ कधी कधी ते जमतं. पण आमच्या घरच्या गाडीला मी ‘ज्ञानदाला फोन लाव’ असं सांगितलं, की ती मला डोनट्सचं दुकान दाखवते. तुमचंही नाव जरा मराठी असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

शेवटी दोन गोष्टी झाल्या. ज्या गाड्या आधीच विकल्या होत्या, त्यांच्या स्क्रीनवर डिफ्रॉस्ट पहिल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात कायमचं आणलं. आणि नंतरच्या गाडीत ते खरं बटण झालं, बोटाला लागणारं, वर छोटी रेघ असलेलं. बाकीचं पुष्कळ काही अजून स्क्रीनवरच आहे. मी सगळं जिंकले नाही. पण आता वारा थोडा बदलतो आहे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी ‘युरो एनकॅप’ ही संस्था आहे. २०२६ पासून तिच्याकडे पूर्ण गुण हवे असतील, तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि तातडीची मदत बोलवायचं बटण, या गोष्टी हाताला लागतील अशाच हव्यात.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरगी ठीक आहे ना? बास.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “एवढी महाग गाडी, आणि एक फडकं नाही ठेवलंत?” तेव्हापासून आमच्या गाडीत एक पिवळं फडकं असतं.

आता तुमच्यासाठी थोडं काम. आई-बाबांच्या गाडीत बसाल तेव्हा पेट्रोलच्या काट्याशेजारी बघा. पंपाच्या चित्राजवळ एक छोटा बाण असतो. पेट्रोलची टाकी गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, ते तो सांगतो. १९८६ मध्ये फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांना ही कल्पना सुचली. बाण केवढासा, पण रोज कितीतरी लोकांची पंपावरची फेरी वाचवतो. मग खिडकीचं बटण बघा. काच वर करायला ते बहुतेक उचलावं लागतं. मूल खिडकीतून डोकावताना त्याचा गुडघा बटणावर पडला, तरी काच वर जाऊ नये, म्हणून ते तसं आहे. अशा गोष्टी कुणीतरी विचार करून ठेवलेल्या असतात. आणि ज्या सापडत नाहीत, त्या कुणीतरी विचार न करता ठेवलेल्या असतात.

सई आता अठरा वर्षांची आहे. कोणतीही नवी गाडी दिसली की आम्ही एक खेळ खेळतो. गाडी अंगणात उभी, इंजिन बंद. एकीने स्टिअरिंगपुढे बसून डोळे मिटायचे. दुसरीने म्हणायचं, “वायपर!” “धोक्याचे दिवे!” “डिफ्रॉस्ट!” हाताने शोधायचं. जे सापडलं नाही, ते डोळे उघडून बघून ठेवायचं आणि मगच गाडी बाहेर काढायची.

तुम्हीही खेळून बघा, आई किंवा बाबांना चालकाच्या जागी बसवून. त्यांना काय सापडत नाही ते बघा. पण त्यांना हसू नका. आधी बटण कुठे आहे ते बघा.